चीनच्या पडद्यावर दोन बायका कायम ‘मैत्रिणी’च का असतात?

‘फ्रेंड्स’ मालिका पाहिलेल्यांना रॉसची पहिली बायको नक्की आठवत असेल. कॅरल. तिचं सुझनवर प्रेम बसतं, रॉसचा संसार मोडतो आणि पहिल्या सीझनमधले कितीतरी विनोद याच एका गोष्टीभोवती फिरतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ही मालिका चीनमध्ये टेन्सेंट, बिलिबिली, योकू अशा मोठ्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर नव्याने आली. तेव्हा कॅरल लेस्बियन असल्याचे संवाद त्यात नव्हतेच. बायको सोडून गेली एवढं प्रेक्षकाला कळत होतं. का गेली, ते मात्र कळायला मार्ग नव्हता.

चिनी प्रेक्षकांनी ही कात्री लगेच पकडली. चीनमधल्या एका अख्ख्या पिढीने ‘फ्रेंड्स’ बघत इंग्रजी शिकलं आहे. शिवाय २०१२ ते २०१८ या काळात सोहू या साइटवर हीच मालिका न कापता दाखवली जात होती. त्यामुळे कोणत्या वाक्यानंतर कोणतं वाक्य यायला हवं, हे लोकांना पाठ होतं. वीबोवर, म्हणजे चीनच्या ट्विटरवर, ‘फ्रेंड्समध्ये काटछाट’ अशा अर्थाचा हॅशटॅग कोट्यवधी लोकांनी पाहिला. मग तो हॅशटॅगही बंद झाला.

एखादा सिनेमा येऊच द्यायचा नाही, ही सरळ बंदी. इथे तसं झालं नाही. कॅरल राहिली, तिचा घटस्फोट राहिला, गेला तो फक्त तिच्या नात्याला नाव देणारा शब्द. चीनमध्ये लेस्बियन स्त्रियांच्या बाबतीत गेली पंचवीस वर्षं बहुतेक वेळा हेच घडत आलंय. बाई दिसते, तिच्या शेजारी दुसरी बाईही दिसते. त्या दोघी एकमेकींच्या कोण लागतात, हे सांगायला परवानगी नसते.

मग चीनमध्ये समलैंगिकता गुन्हा आहे का?

नाही. पूर्वी ‘गुंडगिरी’ नावाचं एक मोघम कलम होतं आणि त्याखाली समलैंगिक पुरुषांना पकडलं जायचं. १९९७ मध्ये ते कलम गेलं. २००१ मध्ये मानसिक आजारांच्या चिनी यादीतून समलैंगिकतेचं नावही वगळलं गेलं. लग्नाला मान्यता नाही. ली यिनहं या समाजशास्त्रज्ञ बाईंनी समलिंगी विवाहाचा प्रस्ताव चीनच्या संसदेपुढे यावा म्हणून अनेकदा प्रयत्न केले, पण त्यातून काही निघालं नाही.

थोडक्यात, दोन स्त्रियांनी एकत्र राहणं बेकायदा नाही. अडचण सुरू होते ती ते दाखवताना.

चीनमध्ये सिनेमाला वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धतच नाही. आपल्याकडे ‘यूए’ किंवा ‘ए’ लिहून मोकळं होता येतं. तिथे एकतर सिनेमा सगळ्यांनी पाहण्यासारखा, नाहीतर कुणीच पाहण्यासारखा नाही. त्यात जून २०१७ मध्ये ऑनलाइन व्हिडिओ कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेने कंपन्यांसाठी नियम काढले आणि ‘असामान्य लैंगिक संबंध’ या सदरात समलैंगिकता टाकली. सोळा वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या यादीतून निघालेला शब्द व्हिडिओवाल्यांच्या यादीत येऊन बसला.

या नियमांची खरी ताकद त्यांच्या मोघमपणात आहे. त्याचं एक गमतीदार, खरंतर चिडचिड करायला लावणारं उदाहरण म्हणजे ‘मामा रेनबो’. फान पोपो या दिग्दर्शकाची ही २०१२ ची डॉक्युमेंटरी. समलैंगिक मुला-मुलींच्या सहा आया त्यात आपल्या लेकरांबद्दल बोलतात, बस. २०१४ मध्ये ती चिनी साइट्सवरून गायब झाली. फान पोपो थेट सेन्सॉर यंत्रणेविरुद्ध कोर्टात गेले. २०१५ च्या शेवटी निकाल आला, तेव्हा यंत्रणेने असा काही आदेश काढल्याचं आढळलंच नाही. आदेश नव्हता, तर फिल्म काढली कुणी? साइट्सनी. नियम अस्पष्ट असला की कंपनी स्वतःहून दोन पावलं मागे सरकते. वरून फोन येण्याची वाट कुणी बघत नाही.

‘लाला’ हा शब्द कुठून आला?

चीनमध्ये लेस्बियन स्त्रिया स्वतःला ‘लाला’ म्हणवतात. शब्दाचा उगम तैवानचा. तिथली लेखिका चिऊ मियाओजिन हिची ‘नोट्स ऑफ अ क्रोकोडाइल’ ही कादंबरी १९९४ मध्ये आली. तिच्या नायिकेचं टोपणनाव ‘लाझी’. तैवानमधल्या समलैंगिक स्त्रियांनी ते स्वतःसाठी उचललं. मुख्य चीनमध्ये पोहोचेपर्यंत त्याचं ‘लाला’ झालं. आजारपणाचा किंवा शिवीचा वास नसलेला हा शब्द. सरकारी कागदात तो नव्हता, म्हणून तो बराच काळ टिकूनही राहिला.

शब्द यायच्या आधी एक तंबू आला होता. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची चौथी जागतिक महिला परिषद बीजिंगला भरली. स्वयंसेवी संस्थांचा मेळावा सरकारने शहरापासून लांब हुआइरोऊला नेऊन ठेवला. तिथे जगभरच्या लेस्बियन कार्यकर्त्यांनी स्वतःचा एक तंबू उभारला होता. चिनी स्त्रियांनी असं काही उघड्यावर पहिल्यांदाच पाहिलं. पुढे २०१५ मध्ये झाओ जिंग आणि शी तोऊ यांनी ‘वी आर हिअर’ या डॉक्युमेंटरीत त्या दिवसांच्या आठवणी गोळा केल्या.

यातली शी तोऊ ही व्यक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती मूळची चित्रकार. २००० साली हुनान टीव्हीच्या एका टॉक शोमध्ये ती गेली आणि आपण लेस्बियन आहोत हे तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. चिनी टीव्हीवर असं बोलणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. आज हा कार्यक्रम चीनच्या कोणत्याही चॅनलवर होईल, अशी कल्पनाही करवत नाही. अशा बाबतीत काळ पुढेच जातो, असं आपण गृहीत धरतो. चीनच्या टीव्हीने ते गृहीतक खोटं ठरवलं.

पुढच्याच वर्षी शी तोऊ सिनेमात दिसली. ली यू या तरुण दिग्दर्शिकेचा तो पहिला कथापट. चिनी नावाचा अर्थ ‘या वर्षीचा उन्हाळा’, जगभर तो ‘फिश अँड एलिफंट’ म्हणून ओळखला गेला. दोन स्त्रियांचं प्रेम हाच मुख्य विषय असलेला मुख्य चीनमधला हा पहिला कथापट मानला जातो. नायिका प्राणिसंग्रहालयात हत्तीची देखभाल करते, तिची प्रेयसी कपडे विकते. घरच्यांचं एकच टुमणं: लग्न कर. आई एकामागून एक मुलं दाखवते, मुलगी कंटाळलेल्या चेहऱ्याने त्यांच्यासमोर बसते. आपल्याकडच्या ‘कांदेपोहे’ कार्यक्रमाची आठवण व्हावी इतकं ते ओळखीचं आहे. शेवटी मुलगी आईला खरं सांगते आणि आई ते स्वीकारते.

सिनेमा सेन्सॉरकडे न नेता बनवला होता, त्यामुळे चीनच्या थिएटरात तो लागलाच नाही. व्हेनिसच्या महोत्सवात मात्र त्याला पुरस्कार मिळाला. जगाने पाहिला, बीजिंगने नाही. त्याच वर्षी यिंग वेईवेई हिची ‘द बॉक्स’ ही दोन प्रेयसींवरची डॉक्युमेंटरीही आली. तिचाही प्रवास महोत्सवांपुरताच राहिला.

सिनेमा लागत नाही, मग लोक पाहतात कुठे?

एक उत्तर: ट्रेनमध्ये.

बीजिंग क्वीअर फिल्म फेस्टिव्हलची सुरुवात २००१ मध्ये पेकिंग विद्यापीठात झाली आणि तो मध्येच बंद पाडला गेला. नंतर दर खेपेला जागा बदल, ऐनवेळी पत्ता कळव, पोलीस आले की दुसरीकडे हलव, असा हा उंदीर-मांजराचा खेळ चालू राहिला. २०१४ मध्ये आयोजकांनी प्रेक्षकांना बीजिंगहून सुटणाऱ्या एका ट्रेनची तिकिटं काढायला सांगितली. सगळे आपापले लॅपटॉप घेऊन डब्यात बसले, पेन ड्राइव्हवरून फिल्म वाटली गेली आणि सगळ्यांनी एकाच वेळी ‘प्ले’ दाबलं. पाहत होते ती फिल्मही याच फेस्टिव्हलच्या लपाछपीवरची डॉक्युमेंटरी होती. चालत्या गाडीतल्या थिएटरला टाळं कोण लावणार?

थिएटरात लागतं, त्याचं काय?

सेन्सॉरमधून जाणाऱ्या सिनेमाने वेगळी वाट शोधली. २०१६ चा ‘सोलमेट’ घ्या. हाँगकाँगच्या डेरेक त्सांग यांनी दिग्दर्शित केलेला, पण गोष्ट आणि थिएटर दोन्ही मुख्य चीनमधलं. जुलै आणि आनशंग या तेराव्या वर्षी भेटलेल्या दोन मुली. एक घर धरून राहणारी, दुसरी भटकी. दोघींच्या मध्ये एक मुलगा येतो आणि वरवर पाहता हा प्रेमाचा त्रिकोण होतो.

पण सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्या मुलाचा चेहरा आठवतो का? सिनेमाची सगळी ओढ त्या दोघींमध्ये आहे. विरह त्यांचा, पत्रं त्यांची, भांडण त्यांचं, आणि शेवटी एकीचं मूल वाढवणारी दुसरीच. झोऊ डोंगयू आणि मा सिचुन या दोन्ही नायिकांना त्या वर्षीचा गोल्डन हॉर्स पुरस्कार विभागून मिळाला. सर्वोत्तम अभिनेत्रीचा हा पुरस्कार दोघींना मिळण्याची ती पहिलीच वेळ. परीक्षकांनाही दोघींना वेगळं काढता आलं नाही.

मधला पुरुष हा इथे परवाना आहे. तो उभा असला की दोघींचं नातं कितीही गहिरं दाखवा, कागदावर ती ‘मैत्री’ राहते. पुरुषांच्या जोड्यांसाठी चिनी नेटकऱ्यांनी याला ‘समाजवादी बंधुभाव’ असं तिरकस नाव दिलंय. बायकांच्या बाबतीत तर एवढी कसरतही लागत नाही. दोन मुली हातात हात घालून फिरतात, एका पलंगावर झोपतात, याचं समाजाला काहीच वाटत नाही. मुळात बाईच्या इच्छेला कुणी मोजतच नाही, म्हणून ती सहज लपते.

‘बायहं’ म्हणजे काय, आणि त्यात पैसा का नाही?

‘बायहं’ म्हणजे लिलीचं फूल. स्त्री-स्त्री प्रेमाच्या कथा, कॉमिक्स आणि मालिकांना चीनमध्ये हे नाव आहे. मूळ जपानी ‘युरी’, अर्थ तोच. पुरुष-पुरुष प्रेमकथांचा प्रकार म्हणजे ‘दानमेई’. ‘दि अनटेम्ड’ ही २०१९ ची गाजलेली मालिका अशाच कादंबरीवर होती, अर्थात प्रेमाची मैत्री करून.

दानमेईचा धंदा प्रचंड वाढला, बायहं मागेच राहिलं. या दोन्हींच्या वाचक मुख्यतः स्त्रियाच आहेत, पण दोन देखण्या नायकांवर जाहिरातदार आणि निर्माते जितका पैसा लावतात, तितका दोन नायिकांवर लावत नाहीत. म्हणून मोठी मालिका येत नाही, तारका घडत नाहीत, आणि पुढच्या निर्मात्याला ‘मागणीच नाही’ म्हणायला मोकळीक मिळते.

या मागे राहण्याचा एक विचित्र फायदाही झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये बिलिबिलीवर ‘कपल ऑफ मिरर्स’ नावाची वेबसीरिज आली. प्रजासत्ताक काळातली गोष्ट. श्रीमंत घरातली लेखिका शू यौयी, फोटो स्टुडिओ चालवणारी गूढ यान वेई, आणि मध्ये एक खून. मूळ कॉमिक बायहं. पडद्यावर दोघींनी प्रेमाची कबुली द्यायची नव्हती, म्हणून सगळं काम नजरेवर आलं. प्रेक्षकांना ते बरोब्बर कळलं आणि त्यांनी मालिका डोक्यावर घेतली.

नेमक्या पुढच्याच महिन्यात सरकारने ‘बायकी’ दिसणाऱ्या पुरुष कलाकारांविरुद्ध फतवा काढला आणि दानमेईवर आधारित मालिकांची दारं बंद होत गेली. सरकारच्या डोळ्यासमोर पुरुष होते. राष्ट्राची मुलं ‘मर्दानी’ राहिली पाहिजेत, ही चिंता होती. स्त्रियांचं नाव त्या कागदात नव्हतं. पण बंद झालेल्या दारातून ‘कपल ऑफ मिरर्स’सारख्या मालिकांनाही आत जाता येईना. नियम लिहिताना ज्यांची आठवण झाली नाही, त्यांना तो लागू मात्र झाला.

पडद्याबाहेरच्या स्त्रियांचं काय?

इथे प्रश्न करमणुकीचा राहत नाही. लहान शहरात राहणाऱ्या एखाद्या बावीस वर्षांच्या मुलीला आपल्यासारखी दुसरी कुणी आहे हे कळणार कुठून? एक शब्द सर्च बॉक्समध्ये टाकूनच ना? तो शब्दच चालेनासा झाला तर?

एप्रिल २०१८ मध्ये वीबोने समलैंगिक आशयाची ‘साफसफाई’ जाहीर केली. ‘मी समलैंगिक आहे’ असं लिहित लाखो लोक तुटून पडले आणि तीन दिवसांत वीबोने माघार घेतली. ही गोष्ट जगभर गाजली. बरोब्बर एका वर्षाने, एप्रिल २०१९ मध्ये, वीबोवरचं ‘लेस’ नावाचं चर्चापान दिसेनासं झालं. एक लाखाहून अधिक जणी त्याच्या सदस्य होत्या. ना जाहीर घोषणा, ना कारण. याची बातमी पहिलीच्या मानाने फारच थोड्या ठिकाणी आली.

त्याआधी मे २०१७ मध्ये ‘रेला’ हे लेस्बियन स्त्रियांचं लोकप्रिय डेटिंग अॅप एकाएकी बंद पडलं होतं. काही काळाने ते परतलं. जुलै २०२१ मध्ये वीचॅटने विद्यापीठांमधल्या समलैंगिक विद्यार्थी गटांची डझनावारी खाती एका रात्रीत काढून टाकली. मे २०२३ मध्ये बीजिंगचं एलजीबीटी सेंटर बंद झालं.

आणि मग ली यिंगची गोष्ट. चीनच्या महिला फुटबॉल संघाची ही स्ट्रायकर. जून २०२१ मध्ये तिने वीबोवर आपल्या जोडीदार मुलीबरोबरचे फोटो टाकले. चिनी महिला खेळाडूने असं जाहीर करण्याची ही पहिलीच वेळ मानली जाते. पोस्ट ट्रेंड झाली. अभिनंदनं आली, घाण शिव्याही आल्या. काही काळाने ती पोस्ट तिच्या खात्यावरून नाहीशी झाली. या वेळी पुसली गेली ती मालिकेतली कॅरल नव्हती. देशासाठी गोल करणाऱ्या बाईच्या आयुष्याची आनंदाची बातमी होती.

लग्नाचा दबाव तर आहेच. घरच्यांचं तोंड बंद करायला लेस्बियन मुलगी आणि गे मुलगा यांनी आपसात ठरवून लग्न करण्याची पद्धत चीनमध्ये इतकी रुळली आहे की तिला ‘शिंगहुन’, म्हणजे नावापुरतं लग्न, असा शब्दही आहे.

कायद्यालाही कधीतरी या नात्याकडे बघावं लागतं. अमेरिकेत लग्न करून, आयव्हीएफने दोन मुलं झालेल्या दोन चिनी स्त्रिया वेगळ्या झाल्या आणि प्रकरण बीजिंगच्या कोर्टात गेलं. २०२४ मध्ये त्यातल्या एकीला, तिने स्वतः जन्म दिलेल्या मुलीला भेटण्याचा हक्क मिळाला. तिच्या जोडीदारणीने जन्म दिलेल्या मुलाला भेटण्याचा हक्क नाही मिळाला. कोर्टाने बाळंतपण पाहिलं, संसार नाही.

तैवान आणि हाँगकाँगमध्ये वेगळं चित्र आहे?

भाषा चिनीच, चित्र बरंच वेगळं. तैवानमध्ये मे २०१९ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. तिथल्या हुआंग हुई-चेन या दिग्दर्शिकेने ‘स्मॉल टॉक’मध्ये कॅमेरा थेट स्वतःच्या लेस्बियन आईसमोर धरला. २०१७ मध्ये बर्लिन महोत्सवात या फिल्मला टेडी पुरस्कार मिळाला.

पण सगळ्यात जास्त चटका लावतो तो हाँगकाँगचा ‘ऑल शॅल बी वेल’. दिग्दर्शक रे यंग, आणि पुरस्कार तोच, टेडी, २०२४ चा. अँजी आणि पॅट या साठी उलटलेल्या दोघी चाळीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहताहेत. पॅटचे भाऊ-भावजय, भाचरं सणाला घरी येतात, हसतात, जेवतात. सगळ्यांना सगळं माहीत आहे, बोलत मात्र कुणी नाही. मग पॅट अचानक जाते. घर तिच्या नावावर, मृत्युपत्र नाही. अंत्यविधी कसा करायचा इथपासून फ्लॅट कुणाचा इथपर्यंत प्रत्येक निर्णय रक्ताच्या नात्याकडे जातो. अँजीला सगळे प्रेमाने वागवतात आणि तिची ओळख करून देतात ती ‘पॅटची जिवलग मैत्रीण’ म्हणून. इतकी वर्षं कुणाला न खुपलेल्या त्या ‘मैत्रीण’ शब्दाची किंमत तिला स्वतःच्या घराने चुकवावी लागते.

आता एआय आलंय

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘टुगेदर’ हा ऑस्ट्रेलियन भयपट चीनमधल्या काही थिएटरांत आधी दाखवला गेला. मूळ सिनेमात दोन पुरुषांच्या लग्नाचं एक दृश्य आहे. चिनी प्रेक्षकांनी पाहिलं ते एका पुरुषाचं आणि एका बाईचं लग्न. एका नवऱ्याच्या चेहऱ्यावर डिजिटल तंत्राने बाईचा चेहरा चढवला होता. जोडपं इथे पुरुषांचं होतं, पण ही युक्ती कुणावरही वापरता येते. दोन बायकांतल्या एकीला पुरुष करणं तितकंच सोपं आहे.

‘फ्रेंड्स’मध्ये कात्री चालली तेव्हा निदान झटका जाणवत होता, संवाद तुटत होता, विनोद अर्धवट राहत होता. इथे शिवणच दिसत नाही. ज्यांनी मूळ सिनेमा पाहिलाच नाही, त्यांना काही बदललंय हे कळायचं कारणच नव्हतं. कळलं ते दोन्ही दृश्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून कुणीतरी ऑनलाइन टाकले म्हणून. बोंबाबोंब झाली, परदेशातल्या वितरक कंपनीने हा बदल आपल्या परवानगीशिवाय झाल्याचं सांगत निषेध केला, आणि १९ सप्टेंबरला ठरलेलं सिनेमाचं प्रदर्शन पुढे ढकललं गेलं.